न झालेले गोल आणि निवाड्याचा अधिकार

एखाद्या माणसाच्या कर्तृत्वाविषयी मत बनवण्यास किती पुरावा पुरेसा मानावा, हा प्रश्न ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशामुळे प्रमाण ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा आहे. आणि असे मत बनल्यावर ते त्या माणसाला ऐकवण्याचा व त्याचे परिणाम त्याला भोगायला लावण्याचा अधिकार कोणाला आणि कितपत पोचतो, हा प्रश्न नीतिविचाराचा आणि अखेर धर्मविचाराचा आहे. हे दोन्ही प्रश्न सहसा वेगवेगळे चर्चिले जातात. इंग्लंडमधील फुटबॉलच्या मैदानांवर मात्र दर ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होताच, ते एकत्र आणि हजारोंच्या समुदायासमोर उभे राहतात. कारण त्या सुमारास अनेक संघांत नवा बचावपटू दाखल झालेला असतो, आणि त्याचे दोन-तीन सामने होतात न होतात तोच तो कामाचा की त्याच्यावरचे पैसे पाण्यात गेले, याचा निकाल प्रेक्षकांनी देऊन टाकलेला असतो. बचावपटू म्हणजे प्रतिस्पर्ध्याला गोल करू न देणे हे ज्याचे मुख्य काम असा खेळाडू, आणि या व्याख्येतला नकार फार महत्त्वाचा आहे. प्रेक्षकांच्या निवाड्यातली घाई सर्वांना दिसते, ती दाखवून दिली की विषय संपला असे मानले जाते. परंतु खरा दोष घाईच्याही आधीचा आहे, तो पुराव्याच्या स्वरूपात दडलेला आहे, आणि तो ओळखला नाही तर दहा सामन्यांनंतरचा निवाडाही दोन सामन्यांनंतरच्या निवाड्याइतकाच कच्चा राहतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आघाडीवर खेळणाऱ्याचे यश म्हणजे घडलेली घटना असते. गोल होतो, त्याची वेळ नोंदली जाते, तो पुन्हा पुन्हा दाखवला जातो. बचावपटूचे यश म्हणजे जे घडले नाही ते. त्याने योग्य वेळी दोन पावले डावीकडे टाकल्यामुळे जो पास दिलाच गेला नाही, त्याची नोंद कोणत्याही कागदावर नसते. आणि त्याने ती दोन पावले टाकली नाहीत तर जो गोल होतो, त्याची नोंद मात्र कायमची राहते. म्हणजे त्याचे गुण अभावरूपाने असतात आणि दोष भावरूपाने. भारतीय दर्शनांनी अभावाचा विचार जितक्या बारकाईने केला आहे तितका जगातल्या फार थोड्या तत्त्वपरंपरांनी केला असेल, म्हणून या ठिकाणी त्यांचे साहाय्य घेणे केवळ सोयीचे नाही, आवश्यक आहे. जमिनीवर घट नाही हे ज्ञान कशाने होते, असा त्यांचा नेहमीचा प्रश्न आहे. सातव्या शतकातील कुमारिल भट्टांच्या मीमांसा-संप्रदायाने आणि पुढे अद्वैत वेदान्ताने यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले; अनुपलब्धी म्हणजे वस्तू न आढळणे आणि त्या न आढळण्यावरून तिचा अभाव कळणे. नैयायिकांनी स्वतंत्र प्रमाणाची गरज नाकारली आणि अभावाचे ज्ञानही प्रत्यक्षाच्याच कक्षेत आणले. वाद मोठा आहे. पण दोन गोष्टींवर या पक्षांचे एकमत आहे, आणि बचावपटूच्या संदर्भात त्या दोन्ही निर्णायक ठरतात.

पहिली गोष्ट अशी, की अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव त्याला प्रतियोगी म्हणतात, आणि प्रतियोगीचे ज्ञान ज्याला नाही त्याला अभावाचेही ज्ञान होऊ शकत नाही. घट म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही तो रिकाम्या जमिनीकडे कितीही वेळ पाहत राहिला तरी तिथे घट नाही हे त्याला कळणार नाही. बचावपटूने टाळलेला गोल हा असा प्रतियोगी आहे. तो कसा झाला असता, कोणत्या बाजूने चेंडू आला असता, कोणता आघाडीपटू कोणत्या मोकळ्या जागेत शिरला असता, हे मनात उभे करता येणाऱ्यालाच तो टळला हे दिसते. ही दृष्टी अनेक वर्षे खेळ पाहून, शक्य तर खेळून येते, आणि तीही सर्वांना सारखी येत नाही.

दुसरी गोष्ट योग्यतेची. एखादी वस्तू दिसली नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. ती तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्याला प्रामाण्य येते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. या नियमाचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमाञ्जली' या ग्रंथात ईश्वराच्या संदर्भात केला: ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, या आक्षेपाला त्यांचे उत्तर असे, की जो मुळात इंद्रियांना दिसण्याजोगा नाही त्याच्या न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ईश्वराच्या अस्तित्वासारख्या गंभीर वादातले हे तत्त्व शनिवारच्या सामन्याला लावणे काहींना अनुचित वाटेल. परंतु प्रमाणांचे नियम विषयाची थोरवी पाहून बदलत नाहीत, आणि एका माणसाची प्रतिष्ठा पणाला लागलेली असताना ते शिथिल करण्याचे कारणही दिसत नाही. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूचा पाठलाग करतो. बचावपटूचे बहुतेक काम चेंडू त्याच्यापासून पन्नास-साठ मीटर दूर असताना चालते: तो मान वळवून आपल्या मागे कोण आहे ते पाहतो, शेजारच्या सहकाऱ्याला हाताने पुढे सरकायला सांगतो, आघाडीपटूच्या आणि गोलच्या मधली रेषा सोडत नाही. हे सारे पडद्याच्या चौकटीबाहेर घडते. म्हणून घरी बसून सामना पाहणारा, मग तो लंडनमध्ये असो की पुण्यात, जेव्हा म्हणतो की नव्या बचावपटूने पहिल्या तासात काहीच केले नाही, तेव्हा त्याचे विधान अंधाऱ्या खोलीतल्या घटाविषयीच्या विधानाच्या जातीचे असते. मैदानात बसणाऱ्याला पूर्ण दृश्य उपलब्ध असते, तरी त्याचीही नजर चेंडूवरच खिळलेली असते.

ही अडचण केवळ सामान्य प्रेक्षकाची नाही. डच बचावपटू याप स्टाम १९९८ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आला. त्या ऑगस्टमधल्या चॅरिटी शील्डच्या सामन्यात आर्सेनलने युनायटेडला ३-० असे हरवले आणि इतका पैसा या माणसावर का खर्च केला अशी कुजबुज सुरू झाली. त्याच हंगामाच्या शेवटी युनायटेडने लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदे मिळवली आणि स्टाम त्या बचावफळीचा कणा होता. पुढे २००१ मध्ये व्यवस्थापक अॅलेक्स फर्ग्युसन यांनी त्याला लाझिओ या इटालियन संघाला विकले, आणि तो निर्णय चुकला होता हे त्यांनी स्वतःच नंतर मान्य केले. फर्ग्युसन यांच्याइतका खेळ जाणणारा माणूस, तीन वर्षे रोज सरावात डोळ्यांसमोर असलेल्या बचावपटूविषयी चुकू शकतो, यावरून या पुराव्याची जात किती अवघड आहे ते कळते. उलट बाजूचे उदाहरण व्हर्जिल व्हॅन डाइकचे. साउदम्प्टनकडून ७.५ कोटी पौंडांना, म्हणजे तोवर कोणत्याही बचावपटूसाठी मोजल्या न गेलेल्या किमतीला तो लिव्हरपूलमध्ये आला आणि ५ जानेवारी २०१८ रोजी एव्हर्टनविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, ८४व्या मिनिटाला त्याने डोक्याने विजयी गोल केला. मैदान त्याच्यावर खूश झाले आणि तो खरोखर थोर बचावपटू ठरला. पण त्या रात्री ज्या कृतीवरून त्याची पारख झाली ती बचावाची नव्हती. डोळ्यांना दिसणारी एक घटना मिळाली आणि तिच्यावर न दिसणाऱ्या गुणांचा निवाडा उभा राहिला, एवढेच तिथे झाले.

अभावाचा प्रश्न बाजूला ठेवून भावाकडे, म्हणजे प्रत्यक्ष झालेल्या गोलांकडे वळले तरी निवाडा सोपा होत नाही, कारण आता प्रश्न येतो कर्तृत्वाचा. गोल झाला, तो कोणामुळे? लिसान्द्रो मार्टिनेझ हा अर्जेंटिनाचा बचावपटू २०२२ च्या उन्हाळ्यात आयाक्सकडून मँचेस्टर युनायटेडमध्ये आला. त्याची उंची १७५ सेंटिमीटर, म्हणजे इंग्लंडमध्ये मधल्या बचावपटूकडून अपेक्षिल्या जाणाऱ्या उंचीपेक्षा बरीच कमी, आणि त्यामुळे तो मैदानात उतरण्याआधीच त्याच्याविषयी शंका घेतली जात होती. पहिला सामना युनायटेडने ब्रायटनविरुद्ध २-१ असा गमावला. दुसरा, १३ ऑगस्टला, लंडनमध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध होता. पहिल्या ३५ मिनिटांत युनायटेडवर चार गोल झाले आणि मध्यंतराला ज्या तिघांना बदलण्यात आले त्यांत मार्टिनेझ होता. त्यानंतरच्या आठवड्यात त्याच्या उंचीवर जेवढे बोलले गेले तेवढे क्वचितच कोणा खेळाडूच्या शरीरावर बोलले गेले असेल. अशा उंचीचा माणूस चौघांच्या बचावफळीत मध्यभागी टिकणार नाही, असे जाणकार म्हणवणाऱ्यांनीही ठामपणे सांगितले.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म घडते ते, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नानाविध हालचाली, आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरीत या पाचांचे विवरण विस्ताराने आले आहे. पारंपरिक टीकाकार अधिष्ठान म्हणजे शरीर आणि दैव म्हणजे इंद्रियांना अनुकूल असणाऱ्या देवता असे समजावतात. येथे हे शब्द थोड्या व्यापक अर्थाने, अधिष्ठान म्हणजे संघाची रचना आणि दैव म्हणजे ज्यावर कोणाचाच ताबा नाही असा योगायोग, अशा अर्थाने घेतले आहेत. या दृष्टीने त्या चार गोलांकडे पाहावे. पहिला गोल झाला तो युनायटेडच्या आघाडीपटूने मधल्या भागात चेंडू गमावला आणि नंतर ब्रेंटफर्डच्या जोश डासिल्व्हाचा साधा फटका गोलरक्षक डेव्हिड डी हेयाच्या हाताखालून निसटला म्हणून. दुसरा, डी हेयाने आपल्याच गोलसमोर, पाठीवर प्रतिस्पर्धी असलेल्या क्रिस्टियन एरिक्सनला आखूड पास दिला आणि मथियस येन्सनने तो हिसकावला म्हणून. तिसऱ्यात कॉर्नर किकनंतर बेन मीने अगदी जवळून डोक्याने चेंडू आत घातला आणि तिथे मार्टिनेझ खरोखर कमी पडला. चौथा झाला तो आक्रमणासाठी सारा संघ पुढे गेल्यावर ब्रेंटफर्डने उलट वेगाने चढाई करून ब्रायन एंबेमोला मोकळे सोडवले तेव्हा. म्हणजे चारांपैकी एका गोलात कर्ता म्हणून मार्टिनेझकडे स्पष्ट बोट दाखवता येते. बाकीच्या तिघांत अधिष्ठान ढासळले होते, साधने दुसऱ्यांच्या हातात होती आणि योगायोगानेही आपला वाटा उचलला होता. चर्चा मात्र त्या एकाच गोलावरून आणि त्या एकाच शरीरावरून झाली, कारण ती शंका आधीपासून तयार होती आणि तिला आता दाखला मिळाला. पुढचा सामना २२ ऑगस्टला लिव्हरपूलविरुद्ध होता. युनायटेडने तो २-१ असा जिंकला, त्यापाठोपाठ साउदम्प्टन आणि लेस्टर यांना गोल करू न देता हरवले, आणि मार्टिनेझची उंची तेवढीच राहिली. डिसेंबरात विश्वचषक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या चमूत तो होता.

येथे एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पाच कारणांचा विचार गीतेने कर्त्याला सांगितला आहे, परीक्षकाला नाही. 'मीच करणारा' हा अहंकार गळून पडावा यासाठी तो आहे. तोच विचार प्रेक्षकाने दुसऱ्याच्या कर्माला लावला तर कोणालाच दोष देता येणार नाही, आणि त्याच न्यायाने कोणाची स्तुतीही करता येणार नाही. मग व्हॅन डाइकचे थोरपण म्हणजेही परिस्थिती आणि योगायोग यांचीच बेरीज ठरेल. पाश्चात्य नीतिशास्त्रात हाच पेच बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये नैतिक दैव या नावाने मांडला. दोन बचावपटू एकसारखीच चूक करतात. एकाचा गोलरक्षक फटका अडवतो, दुसऱ्याचा अडवत नाही. दोघांच्या कृतीत काहीही फरक नसताना एकाची चूक कोणाच्या लक्षातही राहत नाही आणि दुसऱ्याच्या नावाला ती चिकटते. माणसाला केवळ त्याच्या ताब्यातल्या गोष्टींसाठी जबाबदार धरावे, हे तत्त्व सर्वांना पटते आणि कोणीच पाळत नाही, असे नेगेल यांच्या विवेचनातून दिसते. आणि ते काटेकोर पाळायला गेले तर माणसाच्या ताब्यात काय उरते तेही सांगता येत नाही. हा पेच कोणी पूर्णपणे सोडवला आहे असे म्हणता येत नाही. तथापि निवाडा अशक्य ठरवणे आणि निवाड्यातला वाटा मोजून देणे यांत अंतर आहे. गीता कर्त्याला पाचांतून वगळत नाही. तो पाचांपैकी एक आहे असे म्हणते, आणि केवळ त्यालाच पाहणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरवते. प्रेक्षकाकडून एवढेच मागता येईल, की एका गोलाचे पाच वाटे असतात हे त्याने विसरू नये.

कधीकधी पहिल्या सामन्यावरून केलेला निवाडा बरोबरही निघतो, आणि म्हणून लोकांचा अशा निवाड्यांवरचा विश्वास टिकून राहतो. जोनाथन वुडगेटची कथा या बाबतीत सर्वांच्या तोंडी असते. तो २००४ मध्ये न्यूकॅसलहून रेआल माद्रिदमध्ये गेला, दुखापतीमुळे पहिल्या संपूर्ण हंगामात खेळूच शकला नाही, आणि २२ सप्टेंबर २००५ रोजी अॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध अखेर मैदानात उतरला तेव्हा त्याने आपल्याच गोलमध्ये चेंडू घातला आणि पुढे दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेरही गेला. माद्रिदने सामना ३-१ असा जिंकला, तरी लोकांच्या लक्षात राहिले ते हेच. वर्षभरात तो मिडल्सबरोला गेला आणि २००७ मध्ये 'मार्का' या स्पॅनिश क्रीडा दैनिकाच्या वाचकांनी त्याला एकविसाव्या शतकातील सर्वांत वाईट खरेदी ठरवले. वुडगेट माद्रिदमध्ये अपयशी ठरला हे खरे आहे. पण तो त्या रात्रीच्या दोन चुकांमुळे ठरला नाही, त्याच्या स्नायूंनी साथ दिली नाही म्हणून ठरला. भारतीय तर्कपरंपरेत एक उदाहरण चर्चिले जाते: डोंगरावरच्या धुक्याला धूर समजून कोणी तिथे अग्नी असल्याचे अनुमान करतो, आणि योगायोगाने तिथे अग्नी असतोही, त्याचे विधान खरे निघते, तरी त्याला ज्ञान झाले असे म्हणायला अनेक तार्किक तयार होत नाहीत. एडमंड गेटियर यांनी १९६३ मध्ये पाश्चात्य तत्त्वज्ञानात ज्या प्रश्नाची चर्चा नव्याने सुरू केली तो या जातीचाच आहे. पहिल्याच रात्री वुडगेटला निकामी ठरवणाऱ्यांचे मत खरे ठरले, परंतु ते ज्ञान नव्हते. आणि खरे ठरलेले असे मत खोट्या ठरलेल्या मतापेक्षा अधिक घातक असते, कारण त्यामुळे धुक्यालाच धूर म्हणण्याची सवय पक्की होते.

मग वाट किती पाहावी? मत्तयाच्या शुभवर्तमानात गहू आणि निदण यांचा दृष्टान्त आहे. निदण म्हणजे कोवळेपणी गव्हासारखे दिसणारे तण. ते आताच उपटावे का, असे चाकर विचारतात तेव्हा धनी त्यांना कापणीपर्यंत थांबायला सांगतो, कारण आता उपटायला गेल्यास त्याबरोबर गहूही उपटला जाईल. पॅट्रिस एव्हरा या फ्रेंच बचावपटूच्या बाबतीत धन्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले: जानेवारी २००६ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात तो इतका गोंधळला की मध्यंतरालाच त्याला बाहेर काढावे लागले, संघ ३-१ असा हरला, आणि पुढच्या आठ वर्षांत याच माणसाने युनायटेडबरोबर पाच लीग विजेतेपदे आणि एक चॅम्पियन्स लीग जिंकली. परंतु दृष्टान्तात कापणीचा दिवस ठरलेला आहे आणि फुटबॉलमध्ये तो नाही, हा फरक मोठा आहे. लोरां कोसिएल्नीकडे पाहावे. आर्सेनलसाठी त्याचा पहिला लीग सामना १५ ऑगस्ट २०१० रोजी लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावर झाला आणि त्यात दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे तो बाहेर गेला. त्याच हंगामात, फेब्रुवारी २०११ मध्ये, लीग कपच्या अंतिम सामन्यात तो आणि गोलरक्षक यांच्यातल्या गोंधळातून बर्मिंगहॅमने अखेरच्या क्षणी विजयी गोल केला. त्या दिवशी निवाडा केला असता तर तो निदणात गेला असता. २०१४ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात हलविरुद्ध संघ मागे असताना बरोबरीचा गोल त्यानेच केला आणि आर्सेनलचा विजेतेपदांचा नऊ वर्षांचा दुष्काळ संपला. त्या दिवशी तो गहू होता. पुढे तो कर्णधार झाला. आणि २०१९ च्या उन्हाळ्यात संघाबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर जाण्यास नकार देऊन तो बोर्दोला निघून गेला, तेव्हा ज्यांनी त्याचे नाव गायले होते त्यांतल्याच अनेकांनी त्याला कृतघ्न म्हटले. यांतला कोणता दिवस कापणीचा मानावा? मरणापूर्वी कोणालाही सुखी म्हणू नये, हा सोलोनचा जुना ग्रीक उपदेश अॅरिस्टॉटलने तपासून पाहिला आणि तो जसाच्या तसा स्वीकारला नाही, कारण मग जिवंत माणसाविषयी काहीच बोलता येणार नाही. मानवी निवाडा वाटेतच करावा लागतो आणि म्हणून तो बदलायला मोकळा ठेवावा लागतो. अंतिम निवाडा धर्मांनी ईश्वराकडे सोपवला त्याचे एक कारण हेही असावे, की तो करण्याइतका वेळ आणि तेवढी दृष्टी माणसाकडे नाही.

प्रेक्षकाने मतच देऊ नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पिढ्यान्‌पिढ्या एकाच संघाशी निष्ठा वाहणाऱ्या, आठवड्याची कमाई तिकिटावर खर्च करणाऱ्या माणसाला बोलण्याचा हक्क आहे आणि तो त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. प्रश्न त्या मताचा कल पहिल्यापासून कोणत्या बाजूला असावा एवढाच आहे. यहुदी परंपरेतील 'पिर्के आवोत' या नीतिग्रंथात प्रत्येक माणसाचा न्याय करताना तराजूचे पारडे त्याच्या गुणांकडे झुकते ठेवावे अशी शिकवण आहे. वरवर पाहता हा दयेचा उपदेश वाटतो. बचावपटूच्या बाबतीत मात्र तो प्रमाणशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य ठरतो, कारण ज्याचे दोष आपोआप दिसतात आणि गुण शोधून काढावे लागतात त्याच्या मापात मुळातच एक पारडे जड झालेले असते. ते थोडे दुसरीकडे झुकवणे म्हणजे पक्षपात करणे नव्हे, आधीच झालेला पक्षपात दुरुस्त करणे होय.

याहून पुढची एक गोष्ट आहे आणि या सर्व विवेचनात ती सर्वांत महत्त्वाची मानली पाहिजे. घटाकडे पाहिल्याने घट बदलत नाही, बचावपटू बदलतो. साठ हजारांचे मैदान ज्याच्याविरुद्ध कुरकुरते तो पुढच्या वेळी चेंडू आला की सुरक्षित म्हणून मागे देतो, अर्धा क्षण उशीर करतो, आणि त्या अर्ध्या क्षणात गोल होतो. मग निवाडा खरा ठरल्याचे समाधान निवाडा करणाऱ्यांना मिळते. १३ ऑगस्ट २०२२ या दिवशीच, ब्रेंटफर्डमधल्या सामन्याच्या काही तास आधी, लंडनच्याच उत्तर भागात आर्सेनल आणि लेस्टर यांचा सामना झाला. विल्यम सलिबा या तरुण फ्रेंच बचावपटूचा आर्सेनलच्या मैदानावरचा तो पहिला लीग सामना होता; २०१९ मध्ये विकत घेतल्यापासूनच्या तीन वर्षांत तो बहुतेक काळ फ्रान्समध्येच खेळत राहिला होता. ५३व्या मिनिटाला त्याच्या डोक्याला लागून चेंडू त्याच्याच गोलमध्ये गेला आणि २-० अशी आघाडी २-१ झाली. मैदान उसासले नाही. लोक उठून उभे राहिले आणि त्याचे नाव गाऊ लागले. दोन मिनिटांच्या आत आर्सेनलने तिसरा गोल केला आणि सामना ४-२ असा जिंकला. व्यवस्थापक मिकेल आर्टेटा यांनी नंतर प्रेक्षकांच्या या वागण्याचे मनापासून कौतुक केले. त्या हंगामात सलिबा इंग्लंडमधल्या उत्तम बचावपटूंत गणला जाऊ लागला.

विल्यम जेम्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १८९६ च्या एका व्याख्यानात असे प्रतिपादन केले, की काही सत्ये अशी असतात की त्यांच्यावर आधी विश्वास टाकला तरच ती अस्तित्वात येऊ शकतात. मैत्री हे त्यांचे उदाहरण होते, कारण समोरचा माणूस आपला मित्र आहे याचा पुरावा मिळेपर्यंत दूर उभ्या राहणाऱ्याला तो पुरावा कधीच मिळत नाही. जेम्स यांचा हेतू धर्मश्रद्धेचे समर्थन करण्याचा होता आणि त्यांच्यावर, इच्छेला प्रमाण मानण्याचा धोका त्यात आहे, अशी टीका झाली. ती रास्त आहे, कारण ग्रहांच्या गतीवर किंवा औषधाच्या गुणावर विश्वास ठेवल्याने काही बदलत नाही. पण ज्या ठिकाणी विश्वास टाकणारा आणि ज्याच्यावर तो टाकला जातो तो, दोघेही एकाच कार्यात गुंतलेले असतात तिथे जेम्स यांचे म्हणणे टिकते, आणि मैदान ही अशी जागा आहे. तिथला प्रेक्षक बाहेर बसलेला न्यायाधीश नाही. गीतेच्या पाच कारणांत त्याला जागा शोधायची झाली तर ती अधिष्ठानात मिळेल, कारण ज्याच्या आधारावर बचावपटू उभा असतो त्याचा तो भाग आहे. ज्या गोलाचा दोष तो बचावपटूला देतो त्यात त्याच्या स्वतःच्या शिट्ट्यांचाही वाटा असू शकतो, आणि हे मान्य केल्यावर निवाडा करणाऱ्याला आधी स्वतःची साक्ष तपासावी लागते. अशी श्रद्धा आंधळी होऊ नये म्हणून तिची मुदतही सांगता आली पाहिजे: पूर्ण हंगाम खेळूनही, बरे सहकारी आणि स्थिर रचना लाभूनही जो त्याच त्या चुका करतो त्याच्याविषयी प्रतिकूल मत बनवणे अन्यायाचे नाही. पहिल्या महिन्यात मात्र तसे मत बनवण्याइतका पुरावा कोणाकडेच नसतो.

येत्या हंगामात आपल्या संघात नवा बचावपटू येईल तेव्हा वाचकाने, शक्य असल्यास मैदानात बसून, एका सामन्यातली निदान दहा मिनिटे चेंडूवरून नजर काढून केवळ त्याच्याकडे पाहावे: तो कुठे उभा आहे, मान किती वेळा वळवतो, शेजाऱ्याला काय खुणावतो, आणि त्याच्या बाजूने येऊ शकणारा पास प्रतिस्पर्ध्याने किती वेळा देता देता थांबवला. मत त्यानंतर बनवावे.